धीराचे भांडवल

कांदोळीच्या किनाऱ्यापासून दहाबारा किलोमीटर अंतरावर, पंचवीस-तीस मीटर खोल पाण्यात, एक असे ठिकाण आहे की जेथे पाहण्यासारखे काहीच नाही. तेथे खडक नाही, दीपस्तंभ नाही. शास्त्रज्ञांच्या नकाशावरचा तो केवळ एक ठिपका आहे. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ साली या ठिकाणी पुन्हापुन्हा जाऊन समुद्राची तपासणी करण्याचा उपक्रम सुरू केला. होडी घेऊन जावयाचे, वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरावयाचे, त्याचे तापमान, खारटपणा, त्यात विरघळलेला प्राणवायू व नायट्रोजनची संयुगे मोजावयाची आणि नोंद करून परतावयाचे, असे हे काम. त्यात फीत कापण्याजोगे काही नाही, छायाचित्र छापण्याजोगेही काही नाही. तरीसुद्धा कोकण-गोव्याच्या माणसाच्या ताटातील मासळीविषयी काही निश्चित सांगावयाचे असेल, तर ते या बाटल्यांच्या आधारेच सांगता येते.

आज या बाटल्यांची आठवण होण्याचे कारण दिल्लीत घडलेल्या काही मोठ्या घटना हे आहे. गेल्या दोनतीन वर्षांत केंद्र सरकारने वैज्ञानिक संशोधनाच्या क्षेत्रात लागोपाठ मोठे निर्णय घेतले आहेत. २०२३ साली संसदेने कायदा करून 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन केले. २००८ च्या कायद्याने अस्तित्वात आलेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले आणि खुद्द पंतप्रधान या प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष झाले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये संशोधनासाठी उभे करावयाचे, असा संकल्प तेव्हा जाहीर झाला. त्यानंतर १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'संशोधन, विकास व नवोन्मेष' या नावाच्या एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला.

या निर्णयांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. संशोधनावर पैसा खर्च करणे ही चैन नव्हे, हे राज्यकर्त्यांना पटले असेल तर ती मोठीच गोष्ट आहे. आजवरची स्थिती अभिमानास्पद नव्हती. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये होता. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने हा आकडा दुपटीहून अधिक असला, तरी राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचे प्रमाण अवघे ०.६४ टक्के भरते. चीनने या बाबतीत दोन टक्क्यांची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. दक्षिण कोरिया आणि इस्रायल यांनी तर चार टक्के मागे टाकले आहेत. त्या देशांत उद्योगधंदे स्वतःच्या खिशातून संशोधन करतात. आपल्याकडे मात्र खाजगी क्षेत्राचा वाटा एकूण खर्चाच्या सुमारे एकतृतीयांशाच्या आसपास रेंगाळतो. आपला उद्योगपती परदेशचे तंत्र विकत घेण्यात जेवढा तत्पर, तेवढा ते स्वतः घडविण्यात नाही. त्याला या कामास प्रवृत्त करावे, हा नव्या योजनेचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे.

परंतु योजनेचे स्वरूप बारकाईने पाहिले असता मनात एक शंका उभी राहते आणि ती बोलून दाखविणे हे आमचे कर्तव्य आहे. एक लाख कोटी रुपयांची ही रक्कम अनुदान नव्हे. केंद्र सरकार ती पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी कर्ज म्हणून प्रतिष्ठानातील विशेष निधीस देणार, तेथून ती निधी सांभाळणाऱ्या संस्थांकडे जाणार आणि त्यांच्याकडून अल्प व्याजाच्या वा बिनव्याजी दीर्घ मुदतीच्या कर्जाच्या रूपाने, किंवा भागभांडवलाच्या रूपाने, उद्योगांना मिळणार. शिवाय तंत्रज्ञानाच्या परिपक्वतेच्या ज्या नऊ पायऱ्या मानतात, त्यांतील चौथ्या पायरीवर पोचलेल्या प्रकल्पांनाच या योजनेचे दार उघडते. म्हणजे कल्पना सुचली, ती तपासली, प्रयोगशाळेत ती काम करते असे दिसून आले की मग हा पैसा उपलब्ध होणार. भात शिजत आला की वाढप्यांची व्यवस्था चोख आहे. प्रश्न आहे तो शेत नांगरण्याचा.

पहिल्या तीन पायऱ्यांसाठी प्रतिष्ठानची अनुदाने आहेत, असे यावर उत्तर दिले जाईल. ते खरे आहे. पण पन्नास हजार कोटींच्या मूळ संकल्पात सरकारी तिजोरीतून यावयाचे होते ते चौदा हजार कोटी. उरलेले छत्तीस हजार कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, दानशूर संस्था अशा बिगरसरकारी मार्गांनी यावेत अशी अपेक्षा होती. ज्या उद्योगपतीस स्वतःच्या कारखान्यातील संशोधनासाठी कर्जाचे आमिष दाखवावे लागते, तो कांदोळीच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी आपण होऊन थैली मोकळी करील, असे मानण्यास फार मोठा आशावाद लागतो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

या बाटल्यांनी आपणास काय दिले, याचा थोडा तपशील येथे देणे अवश्य आहे, कारण त्याशिवाय आमच्या म्हणण्यातील मर्म ध्यानात येणार नाही. नैऋत्य मोसमी वारे वाहू लागले की आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालच्या थरांतील थंड पाणी वर सरकते. हे पाणी पोषक क्षारांनी समृद्ध असते, पण त्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्याच काळात सह्याद्रीवर पडलेला पाऊस मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांतून समुद्रात येतो व त्या गोड्या, हलक्या पाण्याचा एक पातळ पदर वर पसरतो. घागरीवर झाकण बसावे तसा तो पदर खालच्या पाण्यावर बसतो आणि वाऱ्याचे घुसळणे खालपर्यंत पोचू देत नाही. क्षारांवर पोसलेल्या सूक्ष्म वनस्पती मरून तळाशी जातात, तेथे कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपतो आणि कधीकधी कुजक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू तेथे निर्माण होतो. किनाऱ्यालगत नैसर्गिक रीतीने निर्माण होणाऱ्या अशा प्राणवायुहीन क्षेत्रांत आपल्या पश्चिम किनाऱ्याचे क्षेत्र जगात सर्वांत मोठे गणले जाते. डॉ. सय्यद वाजिह नकवी आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात या प्रक्रियेवरील निबंध प्रसिद्ध केला. या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वी तापविणारा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, हेही त्यातून जगापुढे आले.

तळाशी राहणारी मासळी अशा पाण्यात तग धरू शकत नाही. ती स्थलांतर करते किंवा मरते. १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी उठल्यावर, नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून जो खारवी वा पागी बांधव होडी पाण्यात लोटतो, त्याच्या जाळ्यात काय पडणार हे या अदृश्य पाण्यावरही अवलंबून असते. आमच्या वाचकांपैकी वयोवृद्धांना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या किनाऱ्यावर पेटलेला रापणकार आणि यांत्रिक ट्रॉलरवाले यांच्यातील संघर्ष आठवत असेल. त्यातून पुढे किनारी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. मासळी कमी का झाली, ट्रॉलरने ओरबाडल्यामुळे, नदीतून आलेल्या सांडपाण्यामुळे की समुद्राच्याच स्वभावामुळे, हा वाद तेव्हा होता आणि आजही आहे. ज्याचा आवाज मोठा त्याची बाजू खरी, अशा रीतीने असले वाद मिटवू नयेत असे वाटत असेल, तर जुन्या नोंदी हाताशी लागतात. प्राणवायूची तूट पूर्वीपासूनची आहे की ती वाढत आहे, या प्रश्नाचे उत्तर एका वर्षाच्या मोजणीने मिळत नाही. ते दशकांच्या नोंदींनीच मिळते. आणि मधली पाच वर्षे पैशाअभावी कोरी राहिली, तर ती पुढे लाख कोटी मोजूनही भरून काढता येत नाहीत. गेल्या वर्षीचे समुद्राचे पाणी आज विकत मिळत नसते.

परदेशच्या इतिहासातही याचा दाखला आहे. चार्ल्स कीलिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोजण्यास आरंभ केला. तेव्हा ते दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. पृथ्वीच्या हवामानाविषयी साऱ्या जगात जी चर्चा चालते, तिचा पाया या एका माणसाच्या चिकाटीने घातला. त्या कामासही १९६४ साली खर्चकपातीची झळ लागली आणि काही महिने मोजणी थांबली. 'तेच ते काय मोजता?' असा प्रश्न हिशेबनिसास पडणे स्वाभाविक आहे. पण तेच ते मोजले म्हणूनच बदल कळला.

आपल्या देशाने याच धड्याची किंमत २६ डिसेंबर २००४ रोजी मोजली. प्रशांत महासागरात त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणा १९४९ पासून होती. हिंदी महासागरात ती नव्हती. हजारो माणसे आपल्याच किनाऱ्यावर वाहून गेल्यावर, २००७ साली हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात अशी यंत्रणा उभी राहिली. ती आज चोख काम करते आणि हेच केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने मासळीच्या संभाव्य जागाही मच्छीमारांना कळविते. त्या शास्त्रज्ञांचे श्रेय कमी न करता एवढेच म्हणतो की, तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत पुन्हा अनुसरू नये.

किनाऱ्यावरच्या या प्रश्नाला आता खोल समुद्राची जोड मिळाली आहे आणि तेथे गोव्याचा संबंध आणखी निकटचा आहे. 'गवेषणी' या आपल्या संशोधननौकेने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातूंचे गोटे वर आणले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट ज्यांत साठले आहे असे हे बटाट्याएवढे गोटे दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या गतीने वाढतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. १९८७ साली या गोट्यांच्या शोधात 'आद्य गुंतवणूकदार' हा आंतरराष्ट्रीय दर्जा भारताला मिळाला आणि मध्य हिंदी महासागरातील पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरचे क्षेत्र अखेर शोधासाठी आपल्याकडे राहिले. २०२१ साली सुमारे चार हजार कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारे 'मत्स्य ६०००' हे यान चेन्नईच्या संस्थेत घडत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेच्या दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात गंधकयुक्त धातूंचा शोध घेण्याचा करारही झाला. त्या कामात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. पहिला गोटा वर आला त्याला चार दशके उलटून गेली. एवढा काळ या कामाला पैसा मिळत राहिला, माणसे मिळत राहिली, म्हणूनच भारत आज त्या मोजक्या देशांच्या पंक्तीत बसला आहे.

पण गोटे उचलण्याची घाई झाली, तर त्याचे परिणाम कोण सांगणार? आपल्या समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ सालीच मध्य हिंदी महासागराच्या तळावर मुद्दाम गाळ ढवळून तेथील जीवसृष्टीवर काय परिणाम होतो याचा प्रयोग केला होता. जर्मन शास्त्रज्ञांनी १९८९ साली पेरूजवळच्या समुद्रतळावर नांगराचे चर ओढले. सव्वीस वर्षांनी ते पुन्हा गेले, तो ते चर जसेच्या तसे दिसले. आधी खणावे आणि मग अभ्यास करावा, याची फळे गोमंतकीयांना वेगळी सांगावयास नकोत. आमच्या डोंगरांतील लोहखनिज असेच उपसले गेले. शेते गाळाने भरली, झऱ्यांचे पाणी गेले आणि शेवटी २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणीवर पोट असलेला मजूर आणि खाणीने शेत गमावलेला शेतकरी, दोघेही त्यात भरडले गेले. जमिनीवर जे झाले ते समुद्रतळावर होऊ नये असे वाटत असेल, तर यंत्र बनविणाऱ्या कंपनीला कर्ज मिळते तितक्याच सहजतेने त्या यंत्राचे परिणाम मोजणाऱ्या शास्त्रज्ञाला अनुदान मिळाले पाहिजे. या दुसऱ्या कामातून नफा नाही; पण त्याच्या अभावी होणारा तोटा मात्र साऱ्या समाजाच्या माथी बसतो.

दुसरा मुद्दा विद्यापीठांचा. या देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्या महाविद्यालयांत शिकतात. संशोधनाचा पैसा मात्र मुख्यतः केंद्रीय संस्थांच्या व नामांकित तंत्रशाळांच्या अंगणात पडतो. प्रतिष्ठानने यावर उपाय म्हणून मोठ्या संस्थेभोवती काही विद्यापीठे गुंफण्याची योजना आखली आहे. तिचे आम्हांला अप्रूप वाटते, कारण या मार्गाचे उत्तम उदाहरण मराठी मुलुखातच आहे. २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली पुण्यात खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठ केंद्र उभारले, ते याच भूमिकेतून. लहान गावच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने तेथे यावे, ग्रंथालय व संगणक वापरावेत, तज्ज्ञांशी चर्चा करावी आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना ती गोडी लावावी, अशी ती रचना होती. केंद्राने विद्यापीठांना अंकित केले नाही. त्यांना हात दिला. ताळगावच्या पठारावर १९८५ पासून गोवा विद्यापीठ आहे, तेथे समुद्रशास्त्राचे शिक्षण दिले जाते आणि हाकेच्या अंतरावर समुद्रविज्ञान संस्था आहे. एवढी सोय फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला आली असेल. तिचा पुरेपूर लाभ आमच्या मुलामुलींना मिळवून देणे हे राज्य सरकारचेही काम आहे. सारा भार दिल्लीवर टाकून चालणार नाही.

येथेच संशोधक विद्यार्थ्याची आठवण होते. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती दरमहा एकतीस हजारांवरून सदतीस हजार झाली, हे चांगले झाले. परंतु ती वेळेवर हाती पडत नाही ही देशभरच्या विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. पंचविशी-तिशीतला तरुण, ज्याचे सोबती नोकरीला लागून घरी पैसे पाठवू लागले आहेत, त्याने महिनोन्महिने खोलीचे भाडे उसनवारीने भरावे आणि वर राष्ट्राच्या प्रगतीची स्वप्ने पाहावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. खरेदीच्या नियमांचा जाचही असाच होता. २०२५ च्या जूनमध्ये अर्थखात्याने ते सैल केले, दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली आणि परदेशी निविदांना मान्यता देण्याचे अधिकार संस्थांच्या संचालकांना व कुलगुरूंना दिले. पैसा न वाढविताही संशोधनास किती मदत करता येते, याचा हा नमुना होय.

यावर एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. देशात बेकारी आहे, उद्योग हवेत, निर्यात हवी. अशा वेळी पाण्याच्या बाटल्या मोजणाऱ्यांना पोसण्याची ऐपत आपल्याला आहे काय? आमचे उत्तर असे की, न पोसण्याची ऐपत आपल्याला नाही. ज्या उद्योगांना आज कर्ज देण्याचे घाटत आहे, ते कोणाच्या तरी वीसतीस वर्षांपूर्वीच्या निरुपयोगी वाटलेल्या कामावरच उभे आहेत. त्या कामाचा झरा आटला, तर आणखी वीस वर्षांनी कर्ज द्यावयास पैसा असेल, पण ते घेण्याजोगी कल्पना कोणाजवळ नसेल.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, हवामान, समुद्र, नद्या, भूजल यांच्या दीर्घकालीन नोंदींसाठी प्रतिष्ठानच्या निधीतील काही निश्चित भाग कायम राखून ठेवावा आणि त्याचा संबंध बिगरसरकारी देणग्यांच्या भरती-ओहोटीशी ठेवू नये. दुसरी, समुद्रतळाच्या खाणकामासाठी यंत्रांवर जेवढा भर दिला जातो, तेवढाच तो परिणामांच्या स्वतंत्र अभ्यासावर द्यावा आणि त्याचे निष्कर्ष जनतेपुढे ठेवावेत. तिसरी, हे निष्कर्ष ज्यांच्या जगण्याशी संबंधित आहेत त्यांच्या भाषेत, म्हणजे मराठीत व कोंकणीत, प्रसिद्ध करावेत. नारळीकरांसारखा जगन्मान्य शास्त्रज्ञ विश्वाची उत्पत्ती मराठीत समजावून सांगू शकला, तर आमच्याच समुद्रातील प्राणवायूची गोष्ट बेतूल वा मालवणच्या मच्छीमाराला त्याच्या भाषेत सांगणे अवघड नाही. ज्याने वर्षानुवर्षे पाण्याचा रंग पाहून मासळी ओळखली, त्याच्याकडूनही शास्त्रज्ञास काही शिकता येईल.

लाख कोटींची घोषणा करण्यास एक दिवस पुरतो. कांदोळीच्या नोंदवहीचे एक पान भरण्यासही एक दिवस लागतो, पण ते पान उपयोगी पडावयाचे तर त्याच्या मागेपुढे शेकडो पाने असावी लागतात. सरकारने कर्जाचे भांडवल उभे केले, त्याबद्दल अभिनंदन. आता या धीराच्या भांडवलाचीही तरतूद व्हावी. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस तळाचे ते पाणी पुन्हा वर येईल. ते मोजावयास होडी गेली की नाही, यावरून आमच्या विज्ञाननीतीची परीक्षा होणार आहे.